कस्तुराची मशीन

जुळे सोलापूर
१० फेब्रुवारी

विठा,
जयभीम.

लग्नाची तारीख पक्की झाली. रविवार, ११ मे. सिद्धांतच्या वडिलांनी काल दुपारी स्वतः फोन करून सांगितलं. मोडनिंबचं सभागृह त्या दिवशी मोकळं आहे हे आधी जाऊन पाहिलं आणि मगच फोन केला, असा नेमका माणूस आहे. तुझ्याच लेकीचं, प्रियाचं लग्न, तुला माझ्याआधी कळलं असणार. सोयरीक मी जमवली म्हणून त्यांनी मलाही कळवलं, एवढंच. मी लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी.

बातमी मी कस्तुराला सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "विठाला लग्नाच्या आदल्या दिवशी कळवा, आक्काला ताप आला." तीन महिने आधी ठरवून ठेवलेला ताप मी पहिल्यांदाच पाहिला. मी तसं कळवणार नाही. ती लग्नाला येणार. हे मी ठरवलंय, तिनं अजून नाही.

आता खरं ते लिहितो. ऑक्टोबरात तिला अर्धांगाचा झटका आला, तू दवाखान्यात येऊन गेलीस, तेव्हा आपल्याला वाटलं होतं की महिन्या-दोन महिन्यांत हात उचलेल. फोनवर ती तुला "बरी हाय की" म्हणते. बोलणं नीट आहे, काठी घेऊन चालते, जिनासुद्धा उतरेल. पण डावा हात लोंबतो तो लोंबतोच. ब्लाउजचे हुक एका हातानं लागत नाहीत आणि मला ती लावू देत नाही. चार महिने गाऊनवर आहे. गाऊनवर ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही. शेजारीण आली तरी उठून आतल्या खोलीत जाते.

म्हणून तिला एका हातानं घालता येईल असं ब्लाउज मी शिवणार आहे. बाहेर शिवायला टाकू म्हटलं तर तिला शिंप्यापुढं हात दाखवायचा नाही. घरात तिची मशीन आहे, ऑक्टोबरपासून चादरीखाली. मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं इंजिनं उघडली. मशीन म्हणजे काय, एक चाक, एक पट्टा आणि एक सुई.

तू अर्ध्या मोडनिंबला शिवण शिकवलंस. मला शिकव. फोनवर नको. तुला ऐकू कमी येतं, मला ओरडावं लागतं आणि आमच्या दोन खोल्यांत ओरडलेलं सगळं हिला कळतं. पत्र तिप्पण्णा ड्रायव्हरकडं देतोय. एक दिवसाआड त्याची गाडी मोडनिंबवरून जाते. तुमच्या स्टँडवरच्या चहावाल्याकडं ठेवेल. उत्तरही तिथंच दे.

सोबत माझी पहिली टीप. जुन्या चादरीच्या तुकड्यावर मारली आहे. खालच्या बाजूनं जरा गुंता झालाय.

हरिदास

---

मोडनिंब
१४ फेब्रुवारी

दाजी,
जयभीम.

"जरा गुंता" म्हणता होय? तुमचा तुकडा बघून सासूबाईंनी विचारलं, पाखराचं घरटं कुणी पाठवलं गं.

आक्काचं वाचून दोन दिवस काय सुचलं न्हाय. मला फोनवर "हात जरा जड हाय" एवढंच म्हणायची. मी आत्ताच्या आत्ता निघाले असते, पण सासूबाईंना उठवायला-बसवायला माझ्याशिवाय कोण न्हाय. सून म्हणून मी एकटीच हाय, तुम्हाला ठाऊक हाय. आणि मी आले तर आक्का आतनं कडी लावून घेणार. तिला मी लहानपणापास्नं ओळखते. तेव्हा हितनं जमतंय तेवढं करू.

आता नीट वाचा. खालनं गुंता होतो तेव्हा चूक वरच्या दोऱ्यात असते. शिकाऊ माणूस खालीच उकरत बसतो. वरचा दोरा ताणाच्या दोन चकत्यांच्या मधे बसलाय का बघा. आणि टीप मारताना कापड दाबणारा पाय खाली सोडला होता का? मी पैजेवर सांगते, सोडला नव्हता.

सुईला एका अंगानं लांब खाच असते. दोरा त्या खाचेच्या अंगानं ओवायचा. सुई पार वर टेकेपर्यंत घालायची, मग स्क्रू आवळायचा. सुरुवात करताना चाक हातानं आपल्याकडं ओढायचं, मग पाय मारायचा. चाक उलटं गेलं की दोरा तुटलाच.

आणि आठ दिवस कापडाला हात लावू नका. दोरा काढून टाका, वहीचा रेघांचा कागद घ्या आणि रेघेवरनं नुसती सुई चालवा. भोकं रेघेवर पडायला लागली की मला कागद पाठवा. ब्लाउज इतक्यात न्हाय. पहिलीतल्या पोरानं बारावीचा पेपर मागू नये.

एक विचारते. आक्का त्याच घरात हाय. तिच्यापाशी शिकलेल्या पोरींनी दुकानं थाटली. तिला सोडून मला का विचारता? तिला न विचारता मशीन उघडली की काय?

विठा

---

जुळे सोलापूर
२२ फेब्रुवारी

विठा,
जयभीम.

पाय सोडला नव्हता. पैज जिंकलीस.

सोबत वहीची चार पानं. पहिलं पान बघू नकोस. चौथ्यावर भोकं रेघेवर आहेत, शेवटच्या दोन ओळी सोडून. तेव्हा दूधवाला आला होता.

कस्तुराला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, "तुझी मशीन वापरू का?" ती म्हणाली, "भंगारात घाला." मी म्हटलं, "मला शिकवशील?" तर म्हणाली, "शिकवायला दोन हात लागतात." आणि आत जाऊन दार लोटलं. मी दुपारी मशीनवर बसतो. दार लोटलेलंच असतं. पण आतला रेडिओ ती बंद करते, हे मी बघून ठेवलंय.

कापडावर टीप घेतली. गुंता गेला. नवीन तक्रार अशी, की टाके मधेच सुटतात. दोरा बदलला, सुई बदलली, तू सांगितलंस तशी पार वर टेकवली. खाचही बघितली. तरी सुटतात. तुकडा सोबत आहे.

मशीन तशी चांगल्या स्थितीत आहे. सुरू करायच्या आधी मी तिची थोडी साफसफाई केली होती.

हरिदास

---

मोडनिंब
२६ फेब्रुवारी

दाजी,

तुमच्या तुकड्यावर तीन टाके बरे, चौथा गायब. पुन्हा दोन बरे, तिसरा गायब. हात कच्चा असला तर टीप वाकडी जाते, टाका सुटत न्हाय. टाका सुटतो तेव्हा सुई आणि खालचं शटल यांची गाठ पडत न्हाय. आक्काची मशीन मी सप्टेंबरात बघितली होती. घड्याळासारखी चालत होती.

तेव्हा खरं सांगा, थोडी साफसफाई म्हणजे काय केलंत? माझ्या लग्नातला टेबलफॅन तुम्ही असाच साफ करून दिला होता. तो आजपण वारा मागच्या बाजूला टाकतो.

घरात कुणाला न कळता सगळी उघडली न्हाय ना?

पानं चांगली हायत. दूधवाल्याच्या ओळीसुद्धा.

विठा

---

जुळे सोलापूर
९ मार्च

विठा,
जयभीम.

सगळी उघडली होती.

तुझ्यापासून लपवलं, कारण लाज वाटली. वर्कशॉपात जुनी गाडी हातात आली की आधी सगळं खोलायचं, रॉकेलमध्ये धुवायचं, पुसून फडक्यावर ओळीनं मांडायचं, मग जोडायचं. एकतीस वर्षं तेच केलं. दुसरी पद्धत मला येत नाही. कस्तुरा व्यायामासाठी दवाखान्यात गेली होती, रिक्षानं, शेजारच्या मुलीबरोबर. त्या दोन तासांत मी मशीनचं डोकं खाली घेऊन शेवटचा स्क्रू काढला. शटल, सुईचा दांडा, सगळं. जोडलंही. एकही स्क्रू उरला नाही म्हणून खूश होतो.

तुझं पत्र आल्यावर कळलं, मी काय केलं ते. सुईचा दांडा किती उंचीवर आवळायचा याची खूण मी काढताना केली नव्हती. इंजिनात याला टायमिंग म्हणतात. शिकाऊ मुलांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, खोलण्याआधी खूण करा. आणि मीच विसरलो, कारण मनातून मी तिला इंजिन समजलोच नव्हतो. बायकांच्या हातातली वस्तू, तिच्यात काय एवढं, असं समजलो. हे तुझ्याजवळ कबूल करतो, तिच्याजवळ अजून केलं नाही.

तीन दिवस लागले. सुईखालची पट्टी काढली, बॅटरी धरली आणि चाक इंचाइंचानं फिरवून बघत बसलो. सुई खाली जाते, वर यायला लागते, आणि वर यायला लागल्याबरोबर दोऱ्याचा एक बारीक फुगा तयार होतो. शटलचं टोक नेमकं त्या फुग्यातून जायला पाहिजे, सुईच्या भोकाच्या किंचित वरून. माझं टोक भोकाच्या खालून जात होतं. दांडा केसभर सरकवायचा, आवळायचा, फिरवून बघायचं. पुन्हा सैल करायचा. मोजलं नाही किती वेळा. तिसऱ्या दिवशी टोक फुग्यातून गेलं आणि टाका धरला.

सोबतचा तुकडा बघ. वीतभर टीप आहे, एकही टाका सुटलेला नाही.

टीप पुरी झाली तेव्हा आतून कस्तुराचा आवाज आला, "आत्ता बरोबर वाजतीय." बस, तेवढंच. मी आत गेलो तर भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी लग्नाचं काढलं. म्हणाली, "तितं उभं राहून एका हातानं वंदना कशी घेऊ? मांडवातली बाई अन् बाई माझ्या हाताकडं बघंल." तुला यावर उत्तर सुचलं तर लिही.

आता माप आणि कापायचा नमुना पाठव. दोन महिने राहिलेत.

हरिदास

---

मोडनिंब
१३ मार्च

दाजी,
जयभीम.

तुकडा बघितला. मी माझ्या शिकवणीतल्या पोरींना दाखवला. म्हटलं, हे बघा, साठी उलटलेल्या माणसाचं. एकीनं विचारलं, बाई, त्यांना क्लासला का आणत न्हाय.

वंदनेचं तिला माझ्या नावानं सांगा, पंचशील तोंडानं म्हणायचं असतं. हातानं न्हाय.

वर्तमानपत्रावर नमुना कापून पाठवतेय. आक्काचं जुनं माप माझ्या वहीत होतं, पण आता डावी बाजू वेगळी धरली हाय. समजून घ्या. दुखरा हात आधी बाहीत जातो, चांगला हात मागनं. म्हणून डावी बाही रुंद आणि डावा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, एक बोट खोल. पुढनं गळ्यापास्नं खालपर्यंत सगळं उघडं ठेवायचं. हुक लावू नका. मोठी टिचबटणं लावा, अंगठ्यानं छातीवर दाबली की लागतात. चिकटपट्टी लावायचा विचार करू नका. उघडताना चर्र करते, मांडवात ती आवाजानं मरंल.

पहिलं ब्लाउज चादरीचंच शिवा. ते घालून बघा. मग पांढरं कापड फाडा. आधी कच्चा दोरा घाला, मग टीप. उसवायची वेळ आली तर चिडू नका. शिवणारा माणूस शिवतो त्याच्या दुप्पट उसवतो.

हितली तयारी चालू हाय. पत्रिका छापायला दिल्या. प्रियाच्या नवरीच्या ब्लाउजची पण सोय झाली, त्याची काळजी आक्कानं करू नये. तुम्ही फक्त आक्काचं बघा.

विठा

---

जुळे सोलापूर
३० मार्च

विठा,
जयभीम.

चादरीचं ब्लाउज होत आलं. त्यात जे झालं ते सांगतो, आणि मग एक गोष्ट विचारतो.

खांदे, बगला, पट्टी, सगळं जुळलं. उजवी बाही लावली, छान बसली. डावी लावायला घेतली तर काही केल्या बसेना. पुढचा भाग मागं जातोय, मागचा पुढं. दोनदा उसवली. नमुना काढून बघितला, तेव्हा प्रकाश पडला. तू बाहीचा एकच कागद पाठवला होतास आणि त्यावर लिहिलं होतं, "दुसरी उलटी ठेवून कापा, रुंदी वाढवून." मी रुंदी वाढवली. उलटी ठेवली नाही. गाडीच्या मागच्या चाकांवरचे पाटे डावीकडं आणि उजवीकडं एकच बसतात. मला वाटलं, बाहीचंही तसंच असणार.

ब्लाउज हातात धरून मी उभा होतो, तेवढ्यात कस्तुरा पाणी प्यायला बाहेर आली. तिनं बघितलं. म्हणाली, "वर धरा." मी धरलं. म्हणाली, "दोन्ही बाह्या उजव्या हातच्या हायत." मग म्हणाली, "माझा डावा चालत न्हाय, म्हणून तुमी दोन उजवे दिले व्हय?" आणि हसली. विठा, ती हसली. भिंतीला टेकून, काठी सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ऑक्टोबरापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मला म्हणाली, "आणा तो कागद हिकडं." खुर्चीवर बसली. नमुना मांडीवर घेतला आणि एका हातानं बाही कशी उलटायची ते दाखवलं. मुंढ्याची खूण चुकली होती, तीही दाखवली. म्हणाली, "विठाचं पत्र कुटं हाय, तिनं काय लिहिलंय बघू." मी दिलं. तिनं वाचलं. पत्राची घडी घातली, मशीनवर ठेवली, आत गेली आणि दार लावलं. लोटलं नाही, लावलं.

आज दुसरा दिवस. जेवते, बोलत नाही. मी तिच्या हाताचा विषय हसण्यावारी नेला म्हणून तिला लागलं असं मला वाटतं. ती हसत होती तेव्हा मीही हसलो होतो. हसायला नको होतं. काय करू, सांग.

बाही मात्र उलटून पुन्हा कापली आहे. आज लावणार.

हरिदास

---

जुळे सोलापूर
२ एप्रिल

विठे,
जयभीम.

हे पत्र मी लिहितेय. उजवा हात माझा चांगला आहे, हे तुम्ही दोघंही विसरलेले दिसता.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. तुझे दाजी ती माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये लपवतात; नमुन्याबरोबरचं तेवढं त्यांच्या खिशात होतं, ते त्यांनी परवा हातात दिलं. सदतीस वर्षं संसार केला, पण बायकोपासून वस्तू लपवायची तर तिच्या ड्रॉवरमध्ये लपवू नये एवढं त्यांना कळलं नाही. मशीन उघडून रॉकेलमध्ये धुतली तेही मला त्याच दिवशी कळलं होतं. दवाखान्यातून आले तर घरभर वास. टायमिंगचे तीन दिवस मी आत पडून ऐकत होते. खट, खट, मग थांबायचं. त्यांना हाक मारून सांगावं असं दहादा वाटलं. मग वाटलं, त्यांचं त्यांना सापडू दे. सापडलं.

ते हसले म्हणून मी रागावले, असं त्यांनी तुला लिहिलं; ते पत्र जायच्या आधी मी वाचलं. त्यांना काही कळत नाही. मी तुझ्यावर रागावले आहे.

"प्रियाच्या नवरीच्या ब्लाउजची पण सोय झाली, त्याची काळजी आक्कानं करू नये." हे तुझं वाक्य.

आपल्या घरात नवरीचं पांढरं ब्लाउज मावशी शिवते. आईचं तिच्या मावशीनं शिवलं. माझं आणि तुझं गंगूमावशीनं शिवलं, तिला तेव्हा एका डोळ्यानं दिसत नव्हतं. प्रिया दहावीत होती तेव्हा ती माझ्या मशीनजवळ बसून म्हणाली होती, "मावशी, माझं तू शिवायचं." मी हो म्हटलं होतं. गाऊन, हुक, वंदना, लोक बघतील, ही सगळी कारणं मी ह्यांना सांगितली, कारण ती सांगता येतात. खरं कारण एवढंच होतं, की कबूल केलेलं ब्लाउज न शिवता त्या पोरीच्या मांडवात मी कुठल्या तोंडानं उभी राहू. म्हणून ताप येणार होता.

आणि तू मला न विचारता सोय केलीस. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, तेही खरं. पण विचारायचं होतंस.

तीन दिवस मी आत बसून तेच उगाळलं. चौथ्या दिवशी सकाळी, म्हणजे काल, उठले आणि मशीनवर बसले. पायडलला उजवा पाय पुरतो. चाक उजव्या हातानं फिरतं, कापडाची उजवी बाजू उजव्या हातानं धरता येते. अडतं ते डाव्या हाताचं. ह्यांना म्हटलं, "डावीकडं स्टूल घ्या आणि बसा. मी धरा म्हटलं की धरायचं, सोडा म्हटलं की सोडायचं. मधे अक्कल चालवायची नाही." बसले. पहिल्या टिपेला दोघांची ओढाओढ झाली. ते ओढतात, मी ढकलते. शिव्या घातल्या. दुसरी बरी आली. संध्याकाळपर्यंत बाही लागली. सदतीस वर्षांत हा माणूस माझं एवढं पहिल्यांदा ऐकतोय.

आज सकाळी चादरीचं ब्लाउज मी माझ्या हातानं घातलं. डावा हात आधी, तू लिहिलंस तसा. वेळ लागला. लागू दे. टिचबटणं सगळी लागली. मग ते घालून जिना उतरले, खाली भाजीवाल्याकडून मेथी घेतली आणि वर आले. वर येताना दोनदा थांबले.

आता तू सांग. प्रियाचं कापड कुठं आहे, कुणाकडं आहे आणि कापलं आहे का? खरं लिही.

आक्का

---

मोडनिंब
४ एप्रिल

आक्का,
जयभीम.

तुझं अक्षर बघूनच मी चहावाल्याच्या बाकड्यावर बसले. तिथंच वाचलं. तो म्हणाला, मावशी, वाईट बातमी हाय का. मी म्हटलं, न्हाय बाबा, माझी आक्का मला शिव्या घालतीय.

चुकलं माझं. कापड फेब्रुवारीतच हितल्या शिवणाऱ्या बाईच्या दुकानात दिलं होतं, दाजींचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात. मी स्वतः शिवलं असतं, पण आईनं शिवायचं न्हाय, मावशीनं शिवायचं, हे मलापण ठाऊक हाय की. म्हटलं, दोघींनी न शिवता परक्यानं शिवलं तर निदान तुझी जागा मी घेतली असं तरी होणार न्हाय. तुला विचारलं न्हाय, कारण तू न्हाय म्हणशील आणि ते मला ऐकायचं नव्हतं. प्रियालापण खोटंच सांगितलं, की मावशीनंच कबूल केलंय दुकानात द्यायला. ती तशीच उठून गेली.

काल सकाळी सासूबाईंना शेजारणीच्या हवाली केलं आणि दुकानात गेले. कापड कापलेलं हाय, शिवलेलं न्हाय. परत मागितलं तर बाई लई बोलली. नवरीचं काम अर्ध्यात नेत न्हायत, अपशकुन असतो म्हणाली. मी म्हटलं, आमच्यात शकुन बघत न्हायत, पिशवीत घाला. घातलं तिनं. कापताना गळा माझ्या मापापेक्षा खोल घेतलाय आणि बाही आखूड. अस्तराचं कापड सगळं शिल्लक हाय. तेवढ्यात तुला काय करता येतं ते तूच बघ. एवढ्याशा कापडात तू काय काय केलंयस, मला ठाऊक हाय.

कापड तिप्पण्णाकडं देत न्हाय. प्रिया घेऊन येतीय. परवा, रविवारी. सकाळच्या एसटीनं निघंल, साडेनऊ-दहापर्यंत तुमच्या जिन्यात असंल. माप नव्यानं घे, पोरगी जरा वाळलीय. तिला चार दिवस ठेवून घ्यायचं असलं तर ठेवून घे, कपडे जास्तीचे देतेय.

आणि एक, आक्का. तिला तुझ्या हाताचं मी अजून काय सांगितलेलं न्हाय. तुला बरं हाय एवढंच तिला ठाऊक हाय. दार उघडशील तेव्हा तिला ते पहिल्यांदा दिसणार. सांगायचं काम तुझं.

विठा